दार उघडलं की शहाणं होणारं यंत्र

देव माणूस घडवतो तेव्हा प्रत्येकात एखादा गुण चिमूटभर जास्त टाकतो आणि मग वर बसून गंमत बघतो. मापाऱ्यांच्या वेळी मात्र त्याचा हात घसरला असावा, कारण नेटकेपणाचा अख्खा डबाच त्यांच्यात पालथा झाला होता.

मापारी हे त्यांचं आडनाव नव्हे. ते इस्पितळातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. गृहस्थांच्या खिशात कायम मोजायची टेप असे, आणि बोलता बोलता समोरच्या टेबलाची लांबी घेण्याची त्यांना खोड होती. घरी दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलची दोन्ही टोकं सारखी लोंबली नाहीत तर त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई हे ओळखून होत्या. त्या मुद्दाम टॉवेलचं एक टोक खाली ओढून ठेवत आणि जावई येताजाता ते सारखं करतात का, हे माळ ओढता ओढता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. जावई सारखं करीत. सासूबाईंचा जप तिथे चुकायचा, पण त्या म्हणत, देवालाही हसू येतच असेल की.

मापाऱ्यांचं काम इस्पितळाच्या तळघरात. एका बाजूला धुलाईखाना, दुसऱ्या बाजूला लिफ्ट, आणि मध्ये त्यांची खोली. खोलीत माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट, आणि कपाटात सर्व्हर. सर्व्हर म्हणजे इस्पितळाचं कोठीघर समजा. वरच्या मजल्यांवर जो कुणी एक्स-रे काढी, रक्त तपासी, त्याचं चित्र न् त्याचा कागद या यंत्राकडे येऊन पडे आणि डॉक्टरांनी मागितला की परत वर जाई. ही ये-जा ज्या दारातून होते ते म्हणजे त्यातलं नेटवर्क कार्ड. हाताच्या तळव्याएवढी एक पाटी, तिला एक भोक आणि भोकात केबल. एवढंसं दार, पण ते अडलं की अख्खं इस्पितळ अडतं.

कपाटाची मागची बाजू हा मापाऱ्यांचा अभिमान. तिथल्या केबली त्यांनी स्वतः मोजून, कापून, टोकं बसवून लावल्या होत्या. एकही बोटभर लांब नाही. सगळ्या एकत्र घेऊन, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून, कपाटाच्या कडेने अशा नेल्या होत्या की एखाद्या आईने परीक्षेला निघालेल्या मुलीची घट्ट वेणी घालावी. लोंबणारी केबल आणि लांबलेली जीभ, दोन्ही घात करतात, असं ते म्हणत. पाहुणा आला की ते आधी मागचं दार उघडून ही वेणी दाखवत, मग बसा म्हणत.

अशा माणसाच्या यंत्राला खोड लागली.

वर एक्स-रे निघे, चित्र खाली यायला निघे आणि अर्ध्यात थांबे. डॉक्टरांना पडद्यावर खांदा दिसे, कोपर दिसे, मनगटाचा पत्ता नाही. थोड्या वेळाने आपोआप सगळं सुरळीत. मग दिवसभर ठीक, आणि दुपारी पुन्हा अर्धा हात. एक्स-रेवाली बाई फोन करून सांगे की तुमचं यंत्र आज पुन्हा रुसलंय. मापारी पडद्यावर पाहत, तर कार्डाच्या नावासमोरचा चुकांचा आकडा वाढलेला. ते धावत कपाटाकडे जात, मागचं दार उघडत, वाकून बघत, आणि आकडा जागच्या जागी थांबे. काही नाही. सगळं कसं देवघरासारखं शांत. ते समाधानाने दार लावून, कडी फिरवून आपल्या जागेवर येत, आणि जरा वेळाने फोन वाजे.

धुलाईखान्यातले मामा शेजारीच. ते म्हणाले, “तुम्हाला बघितलं की गप्प बसतं. आमची धाकटी अशीच होती. मारकुटी, पण बाप आला की पुस्तक घेऊन बसायची.”

मापाऱ्यांना हा विनोद आवडला नाही. त्यांनी शिस्तीत तपास सुरू केला. आधी केबल बदलली. नवी केबल कापताना जुनी बाहेर काढली, तिच्या शेजारी ठेवली, तंतोतंत तेवढीच कापली, आणि पुन्हा तशीच करकचून बांधली. चुका चालूच. मग कार्ड बदललं. विकणाऱ्याला खरमरीत चार ओळी लिहून जुनं परत पाठवलं. नवं बसवलं, तर ते पहिल्याच दिवशी जुन्याच्या वळणावर गेलं. मग कार्ड चालवणारा प्रोग्राम बदलला. मग केबलचं दुसरं टोक स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथे जुळतात त्या पेटीच्या, दुसऱ्या भोकात लावून पाहिलं. मग एक छोटा पंखा आणून कपाटात ठेवला, कारण दार लावलं की आत तापत असेल, असा एक विचार त्यांच्या मनात आला होता. पंख्याने यंत्र गार झालं, चुका गरमच राहिल्या.

शेवटी त्यांनी मामांवर नजर रोखली. चुका बहुतेक वेळा मामांचं मोठं धुण्याचं यंत्र फिरत असताना होत. मापाऱ्यांनी वरून हुकूम आणला आणि अर्धा दिवस धुलाई बंद ठेवली. इस्पितळभर चादरींची ओरड झाली. चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत; लिफ्ट खाली आली की एखादी होईच. मामा ओल्या चादरींच्या ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच म्हणाले आणि पुढे कितीतरी दिवस मापाऱ्यांना चहा विचारायचे थांबले.

इस्पितळाच्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या ओरडत नसत, आणि म्हणून लोक जास्त घाबरत. त्यांनी मापाऱ्यांना वर बोलावून शांतपणे सांगितलं की गुरुवारी बाहेरच्या कंपनीचं माणूस येणार आहे. त्यांनी दोष शोधला तर तळघराची खोली त्या कंपनीकडे जाईल. आणि मापाऱ्यांची सोय चौकशीच्या खिडकीत करू.

चौकशीची खिडकी! ती खिडकी म्हणजे दिवसभर माणसंच माणसं. माझा रिपोर्ट कुठाय, डॉक्टर कधी येणार, पंखा का बंद, आणि मागच्या खेपेचा तो हसरा माणूस कुठे गेला. मापाऱ्यांना यंत्रांशी बोलायची सवय, माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळे. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी मुलीकडच्या दिवाणखान्याची रुंदी तेवढी सांगितली होती, ती बरोबर निघाली म्हणून जमलं, असं सासूबाई अजून चारचौघांत सांगत.

बुधवारी सकाळी त्यांनी लाज गुंडाळून ठेवली आणि मामांच्या दारात जाऊन उभे राहिले. मामांनी बराच वेळ चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, काय करू सांगा.

मापाऱ्यांचा बेत साधा होता. आजवर ते स्वतः दार उघडून स्वतःच बघत होते. आता आकडा त्यांनी बघायचा, आणि दार मामांनी हाताळायचं. त्यांनी संगणकाचा पडदा ओढून कपाटासमोर घेतला, आणि मामा मागे गेले. धुण्याचं यंत्र शेजारी घरघरत होतं. दार सताड उघडं, आकडा स्थिर. दार नुसतं लोटलेलं, आकडा स्थिर. मग मामांनी कडी फिरवली, आणि आकडा लहान मुलाने जिना चढावा तसा टुणटुण वर जाऊ लागला. कडी काढली, थांबला. फिरवली, चढला.

मापारी उठले. त्यांनी कपाटाचं पुढचं दार उघडलं, मधल्या एका रिकाम्या खणातून डोकं आत घातलं आणि बॅटरीच्या उजेडात आतून मागची बाजू बघू लागले. मामांना म्हणाले, फिरवा. मामांनी कडी फिरवली. कडीचा लांब लोखंडी दांडा आतल्या बाजूने सरकला आणि त्यांच्या त्या सुंदर वेणीवर जाऊन टेकला. वेणी दबली. दबली की तिला कुठून तरी लांबी हवी होती, आणि ती तर मापाऱ्यांनी बोटभरही ठेवली नव्हती. म्हणून तिने कार्डात घुसलेलं केबलचं टोक ओढलं. केसभर. तुटलं नाही, सुटलं नाही, नुसतं काठावर येऊन उभं राहिलं. आणि शेजारी धुण्याचं यंत्र हादरलं किंवा लिफ्ट येऊन टेकली की काठावरचं ते थरथरलं, जोड सुटला, पुन्हा जुळला.

म्हणजे कार्ड चांगलं. तेही चांगलं आणि परत पाठवलेलं तेही. मामा निर्दोष. केबल बदलली तेव्हा नवी कापली ती जुनीच्याच मापाने, म्हणजे दोषही तंतोतंत मोजून पुन्हा बसवला. आणि तपासायला म्हणून दार उघडलं की दांडा मागे सरके, टोक आपोआप जागेवर बसे, यंत्र शहाणं होई.

पलीकडून मामांनी विचारलं, दिसलं का काही. मापारी म्हणाले, “दिसलं. मीच आहे.”

मामा इतके हसले की वरून परिचारिका विचारायला आली.

खरं तर काम दहा मिनिटांचं होतं. पण मामांनी त्यांचा हात धरला. आत्ता दुरुस्त कराल तर फसाल, मामांचं म्हणणं. उद्या ती कंपनी येणार, यंत्र ठणठणीत बघणार, उगाच एखादा स्क्रू फिरवणार आणि म्हणणार, बघा, आम्ही हात लावला न् आजार पळाला. येतो-जातो आजार, त्याला शेवटचा हात लावणारा वैद्य ठरतो. त्यापेक्षा असंच ठेवा. उद्या ते दार उघडतील, यंत्र शहाण्यासारखं वागेल, ते डोकं खाजवत जातील. मग तुम्ही दुरुस्त करा आणि मिशीला पीळ द्या.

मापाऱ्यांना मिशी नव्हती, पण कल्पना गोड लागली.

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंना मामांचा डाव फारच पसंत पडला. जावईबापूंच्या डोक्यात पहिल्यांदाच काही वाकडं आलंय, वाया घालवू नका, असं त्या म्हणाल्या आणि आनंदाने दुसऱ्यांदा भात घेतला. बायकोने सगळ्यांना वाढलं, ताक दिलं, आणि उठता उठता विचारलं, “उद्या सकाळी कुणाचा हात मोडला तर त्याचं चित्र पूर्ण यायचं की अर्धं?”

सासूबाई म्हणाल्या, झालं, हिने दुधात मिठाचा खडा टाकला.

मापारी ताट तसंच ठेवून उठले, तळघरात जाऊन नवी केबल कापली. या खेपेला त्यांनी टेप बाहेर काढलीच नाही. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, हाताला येईल तेवढी लांब. तिचा एक मोठा सैल वळसा कपाटात लोंबत ठेवला आणि वेणी सोडून, दांड्यापासून लांब सरकवून पुन्हा बांधली. कडी फिरवली. आकडा हलला नाही. तो लोंबता वळसा बघवत नव्हता, म्हणून ते लगेच घरी आले.

गुरुवारी कंपनीचं माणूस आलं ते माणूस नव्हतंच. पायात धावायचे बूट घातलेली, चुणचुणीत एक मुलगी होती. मागोमाग मोठ्या बाईही आल्या. तळघराच्या पायऱ्या उतरताना त्यांनी साडीचा पदर सावरला, त्यावरूनच त्या इथे पहिल्यांदा येतायत हे कळत होतं. मामा चादरी मोजण्याच्या निमित्ताने दारात उभे.

मुलीने कपाटाचं मागचं दार उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “हे काय लोंबतंय?” ती म्हणाली. “बाकी इतकं नीट बांधलंय आणि मध्येच हा पसारा? असल्यानेच दोष येतात.”

मापारी सांगायला पुढे झाले. तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून मामांनी डोळ्याने खूण केली: गप्प राहा. आणि मापारी, ज्यांनी जन्मात कुणाची खोडी काढली नव्हती, गप्प राहिले. खोटं कशाला बोला, त्यांना मजा वाटायला लागली होती. त्या मुलीने वळसा सोडला, केबल ताणून बाकीच्या वेणीसकट कडेला नेली, जास्तीची लांबी वरच्या खणात गुंडाळून पट्टीने करकचून बांधली, मग आणखी एक पट्टी, मग आणखी एक. काय हात होता! वेणी पुन्हा पहिल्यासारखी, किंबहुना जास्तच घट्ट. मापाऱ्यांना मनातून वाटलं, मुलगी असावी तर अशी. तिने दार लावलं, कडी फिरवली आणि हात झटकले. मोठ्या बाईंना म्हणाली, मूळ कारण केबलींची बेशिस्त होती, आता होणार नाही.

मोठ्या बाईंनी मापाऱ्यांकडे पाहिलं. त्या नजरेत चौकशीची खिडकी स्पष्ट दिसत होती.

शेजारी धुण्याचं यंत्र घरघरायला लागलं, आणि लगेच भिंतीवरचा फोन वाजला. एक्स-रेवाली बाई होती. एक आजोबा जिन्यावरून पडून आले होते, हाताचं चित्र कोपरापर्यंत येऊन थांबलं होतं, आजोबा कळवळत होते, काय करू.

मापाऱ्यांची मजा तिथल्या तिथे विरली. कुणाला काही न विचारता त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं. फोनवरच्या बाईला पुन्हा पाठवायला सांगितलं. चित्र आलं, मनगटासकट. मुलगी म्हणाली, दार उघडण्याचा काय संबंध? मग तिनेच कडी फिरवून पाहिली, आकडा चढला, काढली, थांबला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मोठ्या बाई म्हणाल्या, “मापारी, तुम्हाला हे माहीत होतं?”

आता खोटं बोलायला जागा होती. मुलीवर ढकललं असतं तर चाललं असतं. बांधलं तिने होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. मापाऱ्यांनी खिशातल्या टेपवर हात ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. की हे कालच कळलं. की मुळात असं बांधलं होतं ते आपण, मुलीने फक्त आपली चूक दोन मिनिटांत करून दाखवली. की कार्ड परत पाठवलं ते विनाकारण, धुलाई बंद पाडली ती विनाकारण, आणि आत्ता मुलगी केबल ओढत होती तेव्हा तोंड उघडायला हवं होतं ते उघडलं नाही, कारण गंमत वाटत होती. त्यात त्या आजोबांचा हात अर्धा राहिला.

मुलगी आधी लाल झाली, मग खाली बसून तिने स्वतःच्या पट्ट्या एकेक करून कापल्या. म्हणाली, पुन्हा बोलावलं असतं तर मी अहवालात सर्व्हरच बदला असं लिहिलं असतं. मग हळूच मापाऱ्यांना विचारलं, की ती पहिली बांधणी तुम्ही पट्ट्यांची टोकं आत वळवून केली होती का. दिसत नव्हती म्हणून विचारलं. मापारी म्हणाले, हो. दोघं जरा वेळ पट्ट्यांविषयीच बोलत राहिले. मामांनी कपाळाला हात लावला.

मोठ्या बाई जिना चढता चढता थांबल्या. निकाल त्यांनी तिथेच दिला. खोली मापाऱ्यांकडेच राहील. केबल सैल राहील, आणि ती सैल आहे ना, हे बघायला ही मुलगी अधूनमधून येईल. “पण लोक रोज अर्धे हात घेऊन बसले होते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासमोर रोज सकाळी तासभर चौकशीच्या खिडकीत बसायचं. महिनाभर. चूक कबूल करायची सवय लागलीच आहे, तर ती मोडू नका.”

घरी हे कळल्यावर बायकोने देवापुढे दिवा लावला, आणि सासूबाई म्हणाल्या की मला उद्या पाय दाखवायला इस्पितळात न्या, मला ते बघायचंय. नेलं नाही. बाकी सगळे बघायला आलेच. मामा तर चादरींची गाडी घेऊन समोरच्या भिंतीला टेकून उभे होते.

पहिल्या सकाळी रांगेत पहिली एक जाडजूड आजी होती. तिने खिडकीतून आत डोकं घातलं आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं एका श्वासात म्हणून दाखवलं: मागच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं चित्र अर्धं आलं, दोनदा यावं लागलं, चूक कुणाची, मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे.

“माझी,” मापारी म्हणाले.

आजी थांबली. तिने पुढची वाक्यं तयार ठेवली होती ती सगळी वाया गेली. ती इकडेतिकडे बघू लागली. मग चिडून म्हणाली, असं कसं, एवढ्या लांबून मी भांडायला आलेय. काहीतरी म्हणा, यंत्र म्हणा, वीज म्हणा, दुसऱ्या कुणावर तरी ढकला.

“आजी, माझ्यावर घाला,” भिंतीपासून मामा म्हणाले. “यांनीही आधी माझ्यावरच घातलं होतं.”

रांग हसली. आजीही हसली, पण भांडण सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून ती मामांकडे वळली आणि चादरी नीट धुतल्या जात नाहीत यावर सुरू झाली. मापाऱ्यांना वाटलं, आता उठून तळघरात जावं, तिथे सगळं कसं शांत असतं. पण दुसऱ्या माणसाने चिठ्ठी पुढे केली होती. त्याच्या मागे बरेच होते. मापाऱ्यांनी चिठ्ठी घेतली आणि त्या माणसाला विचारलं, बोला, तुमचं काय अर्धं राहिलंय.